एसट्रेस, एलट्रेस, बीपीएफट्रेस की क्यूएमयू? आर्किटेक्चर बदललं की कोणतं टूल घ्यायचं

लिनक्समध्ये एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर नीट चालणारा प्रोग्रॅम एआरएम६४ किंवा रिस्क-व्ही अशा वेगळ्या आर्किटेक्चरवर अडकला की सगळे आधी "बेस्ट ट्रेसर कुठला" (म्हणजे चालू प्रोग्रॅम कुठले कॉल करतो ते दाखवणारं टूल) हे शोधायला लागतात, पण त्याआधी दोन गोष्टी ठरवा: तुम्हाला सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) बघायचेत की लायब्ररी कॉल (लायब्ररीतल्या फंक्शनला केलेला कॉल), आणि बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्रॅम) खऱ्या प्रोसेसरवर चालतेय की एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, जसं क्यूएमयू). एवढं ठरलं की निम्मी टूल्स आपोआप बाद होतात.

सिस्टिम कॉल बघायचे असतील आणि मशीन खरं असेल तर सरळ एसट्रेस, दुसरा विचारच करू नका. सिस्टिम कॉलचे नंबर प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळे असतात (राइट हा कॉल एक्स८६-६४ वर १, जुन्या ३२ बिट एक्स८६ वर ४ आणि एआरएम६४ वर ६४), ते सगळे तक्ते एसट्रेसमध्ये आहेत त्यामुळे आपल्याला नावंच दिसतात. फक्त एक जागा सांभाळा. एआरएम६४ आणि रिस्क-व्ही वर ओपन नावाचा कॉलच नाही, तिथे ओपनॅट आहे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमधला ओपनचा फिल्टर तिथे "इनव्हॅलिड सिस्टिम कॉल" म्हणून तिथेच थांबतो. नावाआधी प्रश्नचिन्ह लावलं तर नसलेला कॉल तो गपचूप सोडून देतो, पण मी तर म्हणेन की फाइलवाले सगळे कॉल एकत्र पकडणारा टक्का-फाइल हा गट वापरा, मग तीच कमांड सगळीकडे चालते.

एलट्रेसचं मात्र तसं नाही. लायब्ररी कॉल पकडायला तो पीएलटी मध्ये (बाहेरच्या लायब्ररीचे कॉल ज्यातून जातात तो बायनरीतला तक्ता) ब्रेकपॉइंट टाकतो, आणि फंक्शनला दिलेल्या व्हॅल्यू कुठल्या रजिस्टरमध्ये आहेत (एक्स८६-६४ वर आरडीआय, आरएसआय, एआरएम६४ वर एक्स० पासून एक्स७) हे त्याला प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळं शिकवावं लागतं, म्हणून नवीन प्रोसेसरवर तो कायम मागे राहतो. त्यात आजकाल बऱ्याच लिनक्स डिस्ट्रो बायनरी बाइंड-नाऊ (लायब्ररीचे सगळे पत्ते सुरुवातीलाच जोडून घेणं) लावून बनवतात आणि मग एक्स८६ वरसुद्धा आउटपुट कोरं येऊ शकतं, माणसाला वाटतं प्रोग्रॅम लायब्ररी वापरतच नाही! आधी रीडएल्फ मायनस डी ने बाइंड-नाऊचा फ्लॅग आहे का बघा, असेल तर एलट्रेसला मायनस एक्स देऊन थेट लिबसी या मूळ सी लायब्ररीतल्या मॅलॉक फंक्शनवर ब्रेकपॉइंट टाकून बघा.

रूट मिळत असेल आणि कर्नल नवीन असेल तर लायब्ररी कॉलसाठी मी एलट्रेसच्या आधी बीपीएफट्रेसचा यूप्रोब (कर्नलच्या मदतीने प्रोग्रॅममधल्या फंक्शनवर लावलेला पहारा) घेईन. त्यात आर्ग० लिहिलं की पहिली व्हॅल्यू मिळते, खाली रजिस्टर कुठलं आहे याची चिंता आपण करायची नाही, आणि पीट्रेससारखं (एसट्रेस, एलट्रेस ज्यावर चालतात ती कर्नलची सोय) प्रत्येक कॉलला प्रोसेस थांबवत नाही म्हणून चालू सर्व्हरवर हाच बरा. अँड्रॉइड किंवा आयओएस असेल तर फ्रिडा हे टूल बघा.

आता हार्डवेअरच हातात नसेल तर. क्यूएमयूच्या यूजर मोडमध्ये (अख्खी सिस्टिम नाही, फक्त एक प्रोग्रॅम चालवायचा मोड) पीट्रेस चालत नाही, म्हणजे आत एसट्रेस, एलट्रेस दोन्ही बंद, आणि बाहेरून एसट्रेस लावला तर क्यूएमयूने होस्टवर (तुमच्या खऱ्या मशीनवर) केलेले कॉल दिसतात, तुमच्या प्रोग्रॅमचे नाहीत. लोक नेमके इथेच फसतात, लॉग बघून भलतंच निदान करतात. क्यूएमयूलाच मायनस एसट्रेस हा ऑप्शन द्या, तो गेस्टचे (आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) कॉल छापतो, तपशील खऱ्या एसट्रेसपेक्षा कमी असतो पण कुठली फाइल सापडली नाही हे कळायला पुरतो. लायब्ररी कॉल हवे असतील तर मायनस जी ने पोर्ट उघडून मल्टिआर्क जीडीबी (अनेक आर्किटेक्चर समजणारा डीबगर) जोडा, किंवा अख्खी सिस्टिमच क्यूएमयूमध्ये बूट करा, तिथे आत एसट्रेस नेहमीसारखा चालतो.

बायनरी स्टॅटिक (लायब्ररी आतच जोडलेली) असेल किंवा गो मध्ये लिहिलेली असेल तर एलट्रेसच्या नादी लागूच नका, पीएलटी मधून जाणारे कॉल तिथे जवळपास नसतातच. एसट्रेसला मायनस एफ द्या, कारण गो चे थ्रेड बरेच असतात आणि त्याशिवाय फक्त पहिला थ्रेड दिसेल.