आगरातला कॅमेरा : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात दोन रात्रींत माडाची पाच रोपं बुंध्याशी कुरतडलेली सापडली. रानडुकरंच, असं सगळ्या वाडीचं म्हणणं. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, मागवला.

पहिला आठवडा फुकट गेला. आंब्याच्या खोडाला खांद्याएवढ्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून बांधला होता. कार्डावर १९०० फोटो, सगळे डुलणाऱ्या गवताचे नाहीतर सकाळच्या उन्हाचे. त्यातला सेन्सर समोरच्या उष्णतेत एकदम फरक पडला की जागा होतो, त्यामुळे उन्हाने तापलेलं पान हललं तरी त्याला पुरतं. मग कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, तोंड उत्तरेला केलं, पुढचं गवत कोयत्याने साफ केलं आणि गडग्याला जिथे खिंडार पडलंय त्या वाटेवर तिरका रोखला. वाटेला काटकोनात लावला, तर जनावर भरकन निघून जातं आणि हाती फक्त शेपूट लागते.

तिसऱ्या रात्री २ वाजून १७ मिनिटांनी साळिंदर आलं. काटे फुललेले, तोंड थेट रोपाच्या बुंध्याशी. रोपांभोवती तारेची जाळी रोवली; त्यानंतर एकही रोप गेलेलं नाही.

सेलच्या बाबतीत कंजुषी करू नका. रिचार्जेबल सेल सहसा १.२ व्होल्टचे, म्हणजे साध्या सेलपेक्षा कमी दाबाचे असतात. माझ्या कॅमेऱ्यात त्यांवर रात्रीचे फोटो काळपट यायचे. लिथियमचे आठ सेल दोन महिने पुरले, तेही रात्रीचा व्हिडिओ बंद ठेवून. डब्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्यालाही भुलू नका. सर्वात मोठा आकडा निवडला तर फाइल फुगते, पण साळिंदराचा एक काटाही जास्त स्पष्ट दिसत नाही. मी आठवर ठेवलाय.

माझ्या कॅमेऱ्याचे रात्रीच्या फोटोसाठीचे इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटरचे आहेत, डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत. ८५० वाल्यांचा पल्ला जास्त, पण ते पेटताना लालसर दिसतात आणि चोराला कॅमेऱ्याचा पत्ता लागतो. मे महिन्यात दुपारी मी स्वतः पुढून चालत गेलो तरी फोटो निघाला नाही. हवाच अंगाएवढी तापलेली, सेन्सरला फरक कळणार कसा? पावसाळ्यात भिंगापुढे कोळ्याने जाळं विणलं की रात्रीचा अख्खा फोटो पांढराफटक. आठवड्यातून एकदा फडकं मारावंच लागतं. बॅटरीच्या कप्प्यात मुंग्यांनी अंडी घातली होती, तेव्हापासून झाकणाचं रबरही तपासतो.

फेब्रुवारीतली एक रात्र मात्र विसरणार नाही. त्याच खिंडारातून खवले मांजर आलं, नाक जमिनीला लावून, आणि शेपटीच्या मुळाशी पिल्लू घट्ट बिलगलेलं. तीन फोटो. माझ्या वडिलांनीही उभ्या आयुष्यात या आगरात ते पाहिलं नव्हतं. खवल्यांसाठी या प्राण्याची शिकार होते, म्हणून फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला नाही, इथेही टाकत नाही. गावाचं नावही त्यासाठीच लिहिलेलं नाही. वनरक्षकांना तेवढा घरी बोलावून दाखवला. गडग्याचं ते खिंडार यंदा बुजवायचं होतं, ते तसंच ठेवलंय.