अष्टमीला दाखवलेली जमीन

दक्षिण रायगडातील एका खाडीच्या काठी आम्ही पतीपत्नींनी चार गुंठे जमीन घेतली आणि तिच्यासाठी अठरा लाख रुपये मोजले. आठ महिन्यांनी कळले की त्या जमिनीवर घर बांधणे कायद्याने शक्यच नाही, कारण ती तिवरे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडे, तोडून, वर मुरूम टाकून बुजवलेले खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खाडीची जमीन आहे. आमच्या तक्रारींची चौकशी चालू असल्याने विक्रेत्याचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही. परंतु फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहितो, कारण खाडीकाठच्या प्लॉटची जाहिरात वाचून पुण्याहून रविवारी गाडीत बसणारी माणसे आमच्यासारखीच साधी नोकरदार असतात आणि आयुष्यभराची शिल्लक घेऊन निघालेली असतात.

आम्ही दोघेही देशावरचे. नदीचा पूर आम्हांला कळतो, पण भरती-ओहोटीशी आमचा संबंध सहलीपुरताच. विक्रेत्याचे कार्यालय कर्वे रस्त्यावर होते. तेथील तरुणाने पहिल्याच भेटीत जागा पाहण्याचा आग्रह धरला आणि गाडीची सोय त्यांच्याकडेच असल्याचे सांगितले. मी माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार मागितला, तेव्हा गाडी भरली असल्याचे सांगून त्याने आम्हांला पुढचा रविवार दिला. त्या दिवशी वद्य अष्टमी होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

सकाळी सहाला वनाजपासून निघून, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव असे करत आम्ही बाराच्या सुमारास जागेवर पोहोचलो. समोर सपाट, लाल मुरमाचे मैदान होते, त्यावर चुन्याने आखलेले प्लॉट आणि क्रमांक घातलेले दगड होते. खाडीचे पाणी बरेच खाली, चिखलाच्या पट्ट्यापलीकडे चमकत होते. मी होऊनच विचारले की खाडीपासून किती अंतर सोडावे लागते. त्यावर तो तरुण म्हणाला, "काका, कायद्याने पन्नास मीटर. तुमच्यासमोरच मोजून दाखवतो." त्याने पिवळा टेप काढला, एक माणूस चिखलातून पाण्याच्या कडेपर्यंत गेला, दुसऱ्याने टेपचे टोक आमच्या दगडापाशी धरले. अंतर बासष्ट मीटर भरले. मी स्वतः आकडा वाचला आणि माझे समाधान झाले. माणूस डोळ्यांनी पाहिलेल्या मोजमापावर विश्वास ठेवतो, हे त्या लोकांना पुरते माहीत होते.

कागदपत्रांची फाईलही भरगच्च होती. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, गटाचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, आणि किनारा आराखड्याच्या नकाशाची रंगीत प्रत. त्या नकाशावर लाल स्केचपेनने एक ठिपका दिला होता आणि तो हिरव्या संरक्षित पट्ट्याबाहेर असल्याचे बोट ठेवून दाखवले गेले. सातबाऱ्यावर बरेचसे क्षेत्र पोटखराब म्हणून नोंदलेले दिसले, म्हणून मी शंका काढली. "पोटखराब म्हणजे शेती होत नाही, घराला उत्तमच," असे उत्तर मिळाले. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, याच्याकडील नोंदणीविषयी विचारले तेव्हा चार गुंठे म्हणजे पाचशे चौरस मीटरच्या आत, त्यामुळे ती लागत नाही, असे सांगितले. प्रत्यक्षात पाचशे चौरस मीटरची ती मर्यादा सर्व टप्पे मिळून संपूर्ण प्रकल्पाच्या जमिनीला लागू असते, एकेका ग्राहकाच्या तुकड्याला नव्हे. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारे किनारा नियमन क्षेत्र, याविषयीचे त्यांचे उत्तर तर फार सफाईचे होते: २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या घराला स्थानिक संस्थेची परवानगी पुरते, आणि ग्रामपंचायतीचे पत्र तर फाईलमध्येच आहे.

ही तरतूद खरी आहे, म्हणूनच ती अधिक घातक ठरते. त्याच वाक्यापुढे असेही म्हटले आहे की परवानगी देण्यापूर्वी स्थानिक संस्थेने प्रस्ताव सीआरझेडच्या दृष्टीने तपासलाच पाहिजे. राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही, एवढीच काय ती सवलत आहे. कांदळवन, खाजणाचा चिखलपट्टा, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे ही सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात, आणि तेथे कोणाच्याही घराला ही वाट खुली नाही. अर्धे वाक्य आम्हांला वाचून दाखवले गेले. उरलेले अर्धे आम्ही मागितले नाही.

खरेदीखत झाले. त्याखेरीज दीड लाख रुपये 'भराव व सपाटीकरण' म्हणून वेगळे घेतले गेले, आणि त्याची पावती माझ्याकडे आहे. या पावतीविषयी मला पुढे लिहायचे आहे.

घराचा आराखडा करायला आम्ही पुण्यातील ओळखीच्या एका वास्तुविशारद बाईंकडे गेलो. त्यांनी फाईल चाळली आणि पहिलाच प्रश्न केला की भरतीरेषा दाखवणारा १:४००० प्रमाणाचा गावनकाशा कुठे आहे. आमच्याकडचा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा होता. त्यांनी पट्टी ठेवून समजावले की या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पंचवीस मीटर. तुमचा वीस मीटर रुंदीचा प्लॉट येथे एक मिलिमीटरचाही भरत नाही, आणि पन्नास मीटरचा संरक्षित पट्टा जेमतेम दोन मिलिमीटरचा होतो. स्केचपेनचा ठिपकाच मुळी त्याहून मोठा होता. मग त्यांनी बिनशेतीच्या आदेशातील हिस्सा क्रमांक आणि खरेदीखतातील हिस्सा क्रमांक शेजारी ठेवले. आदेश गटाच्या वरच्या, रस्त्यालगतच्या हिश्श्याचा होता. आम्हांला विकलेला हिस्सा खालचा होता. शेवटी त्या म्हणाल्या, "कोजागरीला जाऊन या, आणि सकाळी अकरापर्यंत तिथे पोहोचा."

आम्ही गेलो. मैदानाच्या खाडीकडच्या अर्ध्या भागावर पाणी होते. आमच्या क्रमांकाच्या दगडाचा वरचा भाग तेवढा दिसत होता आणि त्याच्याभोवती पाला, बाटल्या, फेस तरंगत होता. जिथे पाणी पोहोचले नव्हते तिथे मुरूम ओला होऊन खचला होता, आणि त्यातून पेन्सिलीएवढी काळपट मुळे ओळीने वर आली होती. तिवराची ही श्वास घेण्याची मुळे. झाड कापले तरी काही मुळे चिखलात तशीच उभी राहतात. माझी पत्नी खाली वाकून मुरूम हाताने बाजूला करू लागली, तेव्हा वीतभर खाली कुऱ्हाडीचे घाव असलेले खुंट लागले. एक, मग दुसरे, मग तिसरे. तिने हात धुतले नाहीत. तशीच गाडीत येऊन बसली.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ होडीचे दोर आवळत बसले होते. जमीन कधी पाहिली होती, असे त्यांनी विचारले. दिवस सांगितल्यावर ते म्हणाले, "अष्टमीला आणलं होतं का? सगळ्यांना अष्टमीलाच आणतात." किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशेब त्यांनीच समजावला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचे पाणी मुळातच कमी चढते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पुण्याहून निघालेली गाडी पोहोचते त्याच सुमारास उधाणाचे पाणी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गाडी का भरलेली होती, ते मला त्या बांधावर उलगडले.

भराव पडल्यापासून खाडीच्या त्या फाट्यात पाणी शिरत नाही, निवट्या आणि चिंबोऱ्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत, आणि उधाणाचे पाणी आता शेजारच्या भातशेतीच्या बांधावर आदळते, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात आमच्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. दीड लाखांच्या पावतीचा अर्थ तोवर माझ्या पूर्ण लक्षात आला होता: त्या खुंटांवर पडलेल्या मुरमाचे पैसे मी दिले होते.

पिवळ्या टेपची लबाडी कायद्याच्या भाषेत अशी आहे. अंतर मोजायचे ते पाण्याच्या त्या दिवशीच्या कडेपासून नसते. उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जिथवर चढते, त्या भरतीरेषेपासून ते मोजतात. आमचा दगड त्या रेषेच्या आतच होता, त्यामुळे बासष्ट मीटरच्या आकड्याला काहीच अर्थ नव्हता. कांदळवनाचा प्रश्न तर याहून कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडता येत नाही, त्याच्याभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही, आणि नष्ट केलेले कांदळवन पूर्ववत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. म्हणजे झाडे आधीच तोडून ठेवली की जमीन मोकळी झाली, हा विक्रेत्यांचा समज किंवा दावा टिकत नाही. तेथे पूर्वी झाडे होती हे सिद्ध करणेही अवघड नाही. माझ्या मुलीने गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे लावून दाखवली. काही वर्षांपूर्वीच्या चित्रात आमच्या प्लॉटच्या जागी सलग गर्द हिरवा पट्टा आहे आणि नंतरच्या चित्रात तांबडा चौकोन. हे काम पाच मिनिटांचे होते, आणि पैसे देण्यापूर्वी ते आम्ही केले नाही याची खंत मला आजही आहे.

ग्रामपंचायतीच्या पत्राविषयी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मिळालेल्या प्रतीवरून पत्र खरे असल्याचे दिसले, परंतु ते रस्त्याचा वापर आणि नळजोडणी एवढ्यापुरतेच होते. शेवटची ओळ अशी होती की इतर कायद्यांखालील सर्व परवानग्या अर्जदाराने स्वतंत्रपणे घ्याव्यात. आमच्या फाईलमधील झेरॉक्सवर नेमका त्याच ओळीवर गोल शिक्का उमटलेला होता, त्यामुळे ती वाचता येत नव्हती. पंचायतीने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. मात्र महिनाभर डंपर गावातून खाडीकडे जात होते, ते पंचायतीने पाहिले, तलाठ्याने पाहिले, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले, आणि कोणीही कोणाला कळवले नाही. अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती आहे, तिच्यावर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. पांढरी चिप्पी या कांदळवृक्षाला राज्याने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला आहे. एवढे सगळे असताना होडीवाल्या त्या गृहस्थांना आपली तक्रार कुठे द्यायची हे कोणी सांगितले नव्हते. मला हे सर्वांत जास्त लागले.

स्थानिक संस्थेच्या कागदावर विसंबल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण केरळातील मरडूचे आहे. तेथील पंचायतीने २००६ साली परवाने दिले, खाडीकाठी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी कर्जे काढून घरे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चारही संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली. पंचायतीच्या परवान्याने ती वाचली नाहीत. आमच्याकडे तर परवानादेखील नव्हता.

सध्या आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि कांदळवन कक्ष व जिल्हा समितीला उपग्रहचित्रांसह अर्ज केले आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. पर्यावरणाची हानी पूर्ववत करून मिळण्यासाठी तेथे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो आणि आमचा अर्ज वकिलांकडे तयार होत आहे. त्यात आम्ही पहिली मागणी भराव काढून खाडीचा फाटा मोकळा करण्याची घातली आहे. आमचे पैसे दुसऱ्या क्रमांकावर आहेत. पत्नीचा हा आग्रह होता आणि तो मला पटला.

महसूल खात्याचा पंचनामा व्हायचा आहे. पहिली तारीख कळवण्यात आली ती दशमीची होती. पंचनामा अमावास्येला, दुपारी बाराच्या आत करावा, असे लेखी पत्र मी दिले असून त्याची पोचपावती घेतली आहे. त्या गटात प्लॉट घेतलेली आणखी अनेक कुटुंबे पुण्याची आहेत. त्यांनी भरावाच्या पावत्या फेकू नयेत, जागा दाखवली त्या दिवसाची तिथी दिनदर्शिकेत पाहून लिहून ठेवावी, आणि शक्य असेल त्यांनी त्या अमावास्येला जागेवर यावे.