मदतनीस कुत्रा प्रयोगशाळेत: टेबलापाशी की दाराबाहेर?

अपंग किंवा आजारी विद्यार्थ्याच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेल्या मदतनीस कुत्र्याला प्रॅक्टिकलच्या वेळी टेबलाजवळ बसवायचं की शेजारच्या खोलीत? शेजारची खोली सोपी वाटते, आणि तीव्र आम्लं किंवा रोगजंतू हाताळायचे असतील तेव्हा तीच बरोबर. पण मधुमेही विद्यार्थ्याची साखर उतरल्याचं वासावरून ओळखणारा कुत्रा भिंतीपलीकडून काय सांगणार? त्याचं कामच थांबतं. विद्यार्थ्याची सुरक्षितता आपण दाराबाहेर ठेवतो, हे मला फार खटकतं.

टेबलाजवळ ठेवायचं तर तयारी हवी. पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, अंगावर कोट, खाली द्रव न शोषणारी चटई. यात बूट सर्वांत महत्त्वाचे, कारण सांडलेलं रसायन आणि फुटलेली काच जमिनीवरच असते. ईथर, ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. कुत्र्याचं नाकही तिथेच. म्हणून असं काम धूरपेटीतच, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच व्हावं. हे सगळं अंगावर घालायची सवय त्याला आधीच घरी लावावी लागते, आणि पंजातून घाम येत असल्याने मधूनमधून बूट काढावे लागतात.

माझा कल टेबलाजवळच्या जागेकडे. मात्र निर्णय प्रत्येक प्रयोगागणिक, विद्यार्थ्याला विचारूनच व्हावा.