‘क्लासिक’ म्हणून गळ्यात मारलेले व्हॅनचे टायर

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे १९६७ सालची एमजीबी आहे. उघड्या टपाची ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यातली असून तिला आऱ्यांची, म्हणजे तारांच्या स्पोकची, साठ आऱ्यांची १४ इंची चाकं आहेत. चारही टायर बदलायचे होते. जाहिरात अशी होती: ‘एमजीबी वायर व्हीलसाठी क्लासिक टायरचा संच, १६५ आर १४, नवे, ट्यूबसह, बसवून मिळतील.’ नावाजलेल्या कंपनीच्या संचाला जे पडतात त्याच्या निम्म्याहूनही कमी पैसे. पैसे भरले आणि टायर बसले. त्यानंतर गाडी प्रत्येक खड्ड्यावर दगडासारखी आपटू लागली आणि ओल्या रस्त्यावरच्या वळणात पुढची चाकं बाहेर सरकू लागली. त्यावर दुकानदाराचं उत्तर होतं, ‘जुन्या गाड्या अशाच चालतात.’ पुढे चाकं वाकडी असल्याचं सांगून नव्या चाकांचा संचही विकायचा प्रयत्न झाला. चाकं मात्र सरळ होती.

टायर उतरवून बघितले तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. जाहिरातीतल्या आकड्यांत खोट नव्हती. टायरच्या बाजूवर ‘१६५ आर १४’ खरंच कोरलेलं होतं, पण त्यापुढे ‘सी’ हे अक्षर होतं आणि त्यानंतर ‘९७/९५ आर’. जाहिरातीतून नेमकं एवढंच गाळलं होतं. ‘सी’ म्हणजे कमर्शियल. हे टायर छोट्या मालवाहू व्हॅनचे.

व्हॅनचा टायर गोल, नवा आणि त्याच मापाचा असला तरी स्पोर्ट्स गाडीला का चालत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण विकणारा इथेच बोलण्यात गुंडाळतो. ‘उलट हा जास्त मजबूत आहे’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ९७ हा भारांक म्हणजे एका टायरवर ७३० किलो. एमजीबीचं अख्खं वजन एका टनाच्या आसपास, म्हणजे एका चाकावर जेमतेम अडीचशे किलो येतात. मोटारीच्या १६५ आर १४ टायरचा भारांक साधारण ८४ असतो, म्हणजे ५०० किलो, आणि तोही या गाडीला भरपूर पुरतो. जादा भार पेलण्यासाठी व्हॅनच्या टायरच्या बाजू जाड आणि ताठ करतात, आणि पूर्ण भाराला त्यात ६५ पीएसआयच्या घरात हवा भरावी लागते. एमजीबीला रेडियल टायरमध्ये पुढे २१ आणि मागे २४ पीएसआयच्या आसपास हवा लागते. एवढ्या हवेवर आणि एवढ्या हलक्या गाडीखाली ती ताठ बाजू वाकतच नाही. वळणात टायर रस्त्याला धरून बसत नाही, नुसता घसरतो. व्हॅनच्या टायरचं रबर झीज कमी व्हावी म्हणून बनवलेलं असतं, त्यामुळे ओल्यावर पकड आणखी कमी. ‘मग हवा वाढवा’ असं सांगितलं जातं. हवा वाढवली की टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो, ब्रेकचं अंतर वाढतं, आणि जो धक्का टायरने गिळायचा तो थेट आऱ्यांवर जातो. आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरा ताणलेला असतो. असे धक्के रोज बसले की आरे निपलपाशी, म्हणजे आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटापाशी, सैल होतात, नंतर तुटू लागतात.

तेव्हा पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरची पूर्ण ओळ वाचा किंवा तिचा स्पष्ट फोटो मागा. माप, त्यापुढचं अक्षर, भारांक आणि वेगाचं अक्षर हे चारही त्यात दिसले पाहिजेत. वेगाच्या अक्षरांत क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. इथे एक गोंधळ हमखास होतो: मापातला ‘आर’ रेडियलचा असतो आणि भारांकामागचा ‘आर’ वेगाचा. एमजीबीला एस किंवा टी पुरतं, एच असेल तर उत्तमच. जग्वार ई-टाइपसारख्या गाडीला मात्र व्हीच्या खाली जाऊ नये. तिचं रेडियल माप १८५ व्हीआर १५ होतं, ते उगीच नव्हे.

मापाचा दुसरा सापळा उंचीच्या टक्केवारीचा, म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के याचा, आहे. जुन्या पद्धतीच्या ‘१६५ आर १४’मध्ये टक्केवारी लिहीत नाहीत. ती साधारण ८० ते ८२ धरायची. अशा टायरचा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर भरतो. १६५/८० आर १४ सुमारे ६२० आणि १८५/७० आर १४ सुमारे ६१५, म्हणजे हे दोन्ही चालण्यासारखे. पण ‘१६५ आणि १४ आहे ना, मग झालं’ असं म्हणून १६५/६५ आर १४ दिला, तर व्यास ५७० वर येतो. गाडी खाली बसते, इंजिन उगाच जास्त फिरतं, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी ९१ ने चालत असते. १८५/७०चा टायर रुंद असतो. साडेचार इंची रिमवर तो बसतो, पण ती त्याची खालची मर्यादा आहे, आणि काही एमजीबींत मागच्या मडगार्डला, विशेषतः डाव्या बाजूला, घासतो. बसवण्याआधी मागचं चाक वर-खाली करून जागा मोजा. आमचं मत विचाराल तर साडेचार इंची आऱ्यांच्या चाकाला १६५ हेच बरोबर. स्टिअरिंग हलकं राहतं आणि गाडी जशी घडवली होती तशी वळते.

त्या संचातली दुसरी लबाडी तारखेची होती. २००० सालापासून टायरवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२वा आठवडा. तीन आकडी तारीख दिसली तर टायर त्याही आधीचा, म्हणजे तो बघायचंही कारण नाही. पूर्ण तारीख बहुधा एकाच बाजूला कोरलेली असते. फोटो दुसऱ्या बाजूचा पाठवायचा आणि बसवताना तारखेची बाजू आत गाडीकडे करायची, की गिऱ्हाईकाला ती दिसत नाही. या संचात चारपैकी दोन टायर दहा वर्षांहून जुने निघाले. अंगावर बारीक रबरी केस होते, ‘नवे कोरे’ म्हणून तेच दाखवले गेले. ते केस टायर न चालल्याची खूण आहेत, ताजेपणाची नव्हेत. गोदामात पडलेल्या टायरचं रबरही हवेने, उन्हाने आणि ओझोनने कडक होतं.

हौशी गाडी वर्षाला थोडीच चालते, त्यामुळे नक्षी झिजायच्या आत टायर म्हातारा होतो. नक्षीची खोली बघून समाधान मानणारे मालक इथेच फसतात. मिशेलिनसारख्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल सुचवतात. नवा म्हणून घेताना आम्ही दोन वर्षांपेक्षा जुना टायर घेऊ नये असं सांगतो. सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश मारलेला टायर आधी पुसून घ्या. मग नक्षीच्या खोबणीच्या तळाशी दोन अंगठ्यांनी रबर फाकवून बारीक तडे दिसतात का ते पाहा. ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं उपकरण, मिळाला तर अधिक चांगलं. ताज्या टायरचा आकडा साधारण ६० ते ६५ येतो, ८० च्या जवळ गेला तर टायर परत करा.

ट्यूबची गोष्ट तर जास्त धोक्याची होती. आऱ्यांच्या चाकात निपल रिमच्या आरपार जातात, त्यामुळे रिम हवाबंद नसतं आणि ट्यूब लागतेच. अपवाद फक्त कारखान्यातच सील केलेल्या नव्या ट्यूबलेस आऱ्यांच्या चाकांचा. जुन्या रिमच्या खोलगट भागात सीलंट फासून ‘ट्यूबलेस करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आरे चालताना हलतात आणि ते सील फुटतं. या संचात १३ इंची ट्यूब ताणून १४ इंचाला घातल्या होत्या. ताणलेली ट्यूब पातळ होते आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. रबरी रिम पट्टी तर घातलीच नव्हती. निपलची टोकं आणि ट्यूब यांच्यात काहीही नव्हतं. ट्यूबमधली हवा ट्यूबलेस टायरसारखी हळूहळू निघत नाही, एका झटक्यात जाते. हे ताशी शंभरच्या वेगात झालं असतं तर काय, ते सांगायला नको.

योग्य काम असं होतं. टायर काढल्यावर रिमच्या आत हात फिरवून पाहायचा. निपलच्या वर आलेलं प्रत्येक टोक घासून सपाट करायचं, गंज काढायचा, मग मापाची रबरी पट्टी व्हॉल्व्हचं भोक जुळवून बसवायची. ट्यूब १४ इंची, १६५च्या रुंदीची आणि रेडियलसाठीची हवी. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात घट्ट बसला पाहिजे. अकरा-साडेअकरा मिलिमीटरच्या भोकाला टीआर १३, सोळा मिलिमीटरच्या भोकाला टीआर १५. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो हलतो आणि पत्र्याच्या कडेवर कापला जातो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची असेल तर आतले कागदी स्टिकर खरवडून काढा आणि आतून बोट फिरवून खरखरीत उंचवटे आहेत का ते बघा, कारण ट्यूब त्यांच्यावरच घासून झिजते. टाल्क पावडर लावा, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत घाला. टायरची कड रिमवर बसली की सगळी हवा सोडून पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात. हे दोनदा हवा भरणं घाईच्या दुकानात कोणी करत नाही. समोर उभं राहून करून घ्या.

आता ‘चाकं वाकडी आहेत’ या दाव्याकडे. एमजीबीच्या आऱ्यांच्या चाकाला नट-बोल्टची भोकं नसतात. मधल्या हबला आत स्प्लाइन, म्हणजे दातेरी खाचा, असतात आणि दोन्ही टोकांना तिरकस बैठक असते. गाडीवर चाक केंद्रात येतं ते या बैठकीवर. बॅलन्सिंग मशीनवर त्याच तिरप्याला जुळणारे खास कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे ठोकळे, लागतात. साध्या मोटारीचा कोन स्प्लाइनच्या कडेवर टेकतो, चाक मशीनवर तिरकं बसतं, आणि पडद्यावर साठ-सत्तर ग्रॅमचा असमतोल दिसतो. तेवढी वजनं लावली की मूळचं सरळ चाकही रस्त्यावर थरथरतं, आणि मग नवा संच खपवायला वाट मोकळी.

याची परीक्षा अगदी सोपी. मशीनवर एकदा आकडा घ्या. मग चाक सैल करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा आकडा घ्या. चाक नीट बसलेलं असेल तर वजनाची जागा आणि आकडा तोच राहतो. बदलला तर दोष बसवण्यात आहे. चाकाची खरी तपासणी गाडीवरच करा. चाक जॅकवर उचला, रिमच्या कडेजवळ एक खूणकाडी स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. आत-बाहेर किंवा वर-खाली दीड मिलिमीटरच्या आत असेल तर चालतं. त्यापुढे असेल तरी आधी आरे जुळवून घेता येतात, नवं चाक लगेच लागत नाही. छोट्या पान्याने एकेक आरा वाजवून पाहा. बद्द आवाजाचा आरा सैल किंवा तुटलेला.

त्या गृहस्थांचे पैसे परत मिळाले, ते कसे हेही सांगतो. ‘वापरलेला टायर परत घेत नाही’ हे दुकानदाराचं उत्तर ऐकून ते गप्प बसणार होते. ऑनलाइन खरेदीवर मन बदललं म्हणून १४ दिवसांत मागे फिरण्याचा हक्क वेगळा, आणि वर्णनाप्रमाणे माल नसणं वेगळं. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल ३० दिवसांत नाकारता येतो. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांवर आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू घेतली असेल, तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरते. जाहिरातीचा जपून ठेवलेला फोटो, टायरच्या बाजूवरच्या पूर्ण ओळीचा फोटो आणि चारही तारखांचे फोटो बँकेकडे गेले, तेव्हा दाव्याला उत्तर देण्यासारखं दुकानदाराकडे काही उरलं नाही. रोख दिले असते तर हे इतकं सोपं झालं नसतं. चाळीस वर्षांवरच्या, फारशी फेरफार न झालेल्या गाडीला तिथे २०१८ पासून एमओटी या वार्षिक वाहन तपासणीतून सूट आहे, म्हणजे वर्षातून एकदा दुसऱ्या कोणाची नजर पडायची तीही पडत नाही. टायर कायद्याने ठीक असण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते.

मुंबई-पुण्यात जुन्या एमजी, ट्रायम्फ आणि जग्वार सांभाळणाऱ्यांना हाच प्रकार वेगळ्या अक्षरांत भेटतो. इथे ‘सी’ऐवजी ‘एलटी’ लिहिलेला, छोट्या टेम्पोचा १४ इंची टायर पुढे केला जातो. कारणं तीच, उत्तरही तेच: नको. टायरची आयात जून २०२० पासून परवान्याखाली आहे, त्यामुळे ‘बाहेरून आणून देतो’ म्हणणाऱ्याकडे पक्कं बिल मागा आणि त्यावर माप, भारांक, वेगाचं अक्षर व तारखेचे चार आकडे लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथून निघा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

टायर बसल्यावर गाडी लगेच लांब नेऊ नका. हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. एका चाकात दोन-तीन पीएसआय कमी झाली असेल तर ट्यूब चिमटली आहे, ते चाक उघडावंच लागेल. स्प्लाइनला ग्रीस लावलं आहे ना ते बघा, चाक हबवर धरून ठेवणारा मधला नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने आवळा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून पाहा. डाव्या बाजूचा नट उजव्या आट्यांचा आणि उजव्या बाजूचा डाव्या आट्यांचा असतो. दुकानात चाकं काढताना नटांची अदलाबदल होऊ देऊ नका.