फ्रँकफर्टच्या ४१,००० स्ट्रीम आणि माझे २,१७,३०० रुपये

माझ्या सात गाण्यांच्या अल्बमला प्रसिद्धी मिळवून देण्याच्या नावाखाली एका माणसाने माझ्याकडून तीन हप्त्यांत एकूण २,१७,३०० रुपये घेतले. पहिला हप्ता १,००,३०० रुपयांचा, दुसरा ४२,००० रुपयांचा आणि तिसरा ७५,००० रुपयांचा. स्टुडिओ, मेंडोलिनवादक आणि मिक्सिंग-मास्टरिंग यांवर मी जे ८८,००० रुपये खर्च केले होते ते यात धरलेले नाहीत, कारण ते पैसे ज्यांना दिले त्यांनी चोख काम केले. हे सगळे उघड लिहिताना मला लाज वाटते. परंतु पुण्यातल्या कॅफेंमध्ये गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारी माझ्या वयाची जी मुले-मुली आहेत, त्यांच्यामध्ये हा माणूस आजही उजळ माथ्याने वावरतो आहे, आणि त्याला अडवायला कोणीही तयार नाही.

पैसे घेऊन प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या ‘पॅकेजां’चा साचा, म्हणजे आधी पैसे, मग फुगवलेले आकडे, मग पुन्हा पैसे, सर्वांना ठाऊक आहे. मलाही तो ठाऊक होता. म्हणूनच ‘तुला कळले कसे नाही’ असे विचारणाऱ्यांना आधी हे सांगते की तो माणूस अडाणी ठग नव्हता. माझी गाणी पहिल्या प्रेमाची आहेत: फर्ग्युसन रस्त्यावर सोबत वाढावी म्हणून मुद्दाम पुढच्या बसथांब्यापर्यंत चालत जाणे, वेताळ टेकडीवर जाऊन एकमेकांशी काहीच न बोलणे, एवढाच त्यांचा जीव. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओवीची लय मी गिटारवर बसवली आहे, आणि हे ज्याला न सांगता कळले असा तो पहिला श्रोता होता. कोथरूडमधल्या एका ओपन माइकनंतर, म्हणजे ज्याला हवे त्याने येऊन गावे अशा कार्यक्रमानंतर, तो भेटला तेव्हा त्याला माझ्या दुसऱ्या गाण्याचे कडवे पाठ होते. घरी आला तेव्हा वडिलांना म्हणाला, “काका, मुलीनं स्वतःचं काही लिहिलंय. नाहीतर सगळे दुसऱ्यांचीच गाणी म्हणतात.” वडिलांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद यापूर्वी पाहिला नव्हता. मुदत ठेव मोडायचे त्यांनीच सुचवले.

त्याची दुसरी खुबी अशी की तो निम्मे खरे बोलत असे. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय, म्हणजे गाणे तितक्या वेळा ऐकले गेल्याशिवाय, गाण्याला मानधन मिळत नाही, हा नियम २०२४ पासून खरोखरच लागू आहे. “हजाराच्या आत राहिलात तर दमडी मिळणार नाही, ताई,” असे तो म्हणाला तेव्हा मी नियम तपासून पाहिला आणि तो खरा निघाला. एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढच्या चार गोष्टी तपासत नाही, हे असल्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

पहिला हप्ता पॅकेजचा होता: पॅकेज ८५,००० रुपयांचे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,३०० रुपये. बाणेर रस्त्यावरचे काचेचे ऑफिस, छापील बिल, शिक्का, सगळे काही होते. ऑफिस तासांवर भाड्याने मिळणारे होते हे नंतर कळले. बिलावरच्या जीएसटी क्रमांकात चौदाच अक्षरे होती. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, त्यानंतर त्या व्यवसायाचा पॅन असतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणालाही तो तपासता येतो. बिल हातात आले की पैसे देण्याआधी अक्षरे मोजा. एरवी बिलावरची अक्षरे कोण मोजतो?

दुसरा हप्ता कॉपीराइट नोंदणीचा होता: गाण्यामागे ६,००० रुपये, सात गाण्यांचे ४२,०००. सरकारी शुल्क शब्दांसाठी ५००, चालीसाठी ५०० आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये आहे. म्हणजे सगळे वेगवेगळे नोंदवले तरी सात गाण्यांचे २१,००० होतात. शिवाय ही नोंदणी सक्तीची नाही. गाणे रचले त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. प्रमाणपत्रे आठवड्याच्या आत हातात आली. हरकती येण्यासाठी प्रत्येक अर्ज ३० दिवस थांबवून ठेवला जातो हे माहीत असते, तर त्याच दिवशी सोक्षमोक्ष लागला असता. पुढे मी त्या प्रमाणपत्रावरचा डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा क्रमांक, कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा तिथे कोणा भलत्याच व्यक्तीच्या पाककृतींच्या पुस्तकाचा अर्ज निघाला.

आता त्या संध्याकाळविषयी, जिच्यामुळे मला अजूनही झोप लागत नाही. व्हॅलेंटाइन डेच्या आधी अल्बम प्रसिद्ध झाला होता आणि आकडे धडाधड वाढत होते. मी स्पॉटिफायवरच्या माझ्या कलाकार-खात्यात गाणी कुठून ऐकली जातात त्या शहरांची यादी उघडली. एकूण ४३,००० स्ट्रीमपैकी ४१,००० एकट्या फ्रँकफर्टमधून आलेल्या होत्या. पुण्यातून २१२. गाणे जतन करून ठेवणारे नऊ जण, त्यांत माझी आई आणि दोन मावशा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या बसथांब्याचे मराठी गाणे पुण्यापेक्षा जर्मनीत दोनशे पट अधिक कोण ऐकणार, हा प्रश्न मला पडला नाही असे नाही. पडला, आणि मी त्याला लगेच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, पुण्यातली निम्मी पोरं जर्मन शिकून तिकडेच गेलीत. त्यांना घरची आठवण येते, म्हणून ऐकतात.” हे मला पटले. ज्या शहरात मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग भरतात, चाकण-पिरंगुटला जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि घरोघरी कोणी ना कोणी म्युनिक किंवा स्टुटगार्टला आहे, माझा आतेभाऊसुद्धा आहे, त्या शहरातल्या कोणालाही हे पटले असते. मोठमोठी डेटा सेंटर फ्रँकफर्टमध्ये आहेत आणि असल्या खोट्या स्ट्रीम माणसे नव्हे तर तिथली यंत्रे तयार करू शकतात, हे गिटार शिकवून पोट भरणाऱ्या मुलीला कोणत्या शाळेत शिकवतात? स्ट्रीम तिसाव्या सेकंदाला मोजली जाते आणि माझ्या पहिल्या गाण्यात आवाज चाळिसाव्या सेकंदाला सुरू होतो, त्यामुळे ज्या यंत्रांनी ते ‘ऐकले’ त्यांनीही बहुधा माझा आवाज ऐकलेला नाही.

त्याच फोनमध्ये त्याने ७५,००० रुपये मागितले. स्पॉटिफायच्या संपादकांच्या अधिकृत प्लेलिस्टमध्ये, म्हणजे त्यांनी निवडलेल्या गाण्यांच्या यादीत, जागा ‘राखून ठेवली’ आहे आणि ती उद्यापर्यंतच आहे, असे तो म्हणाला. पैसे मी त्याच रात्री पाठवले. मुळात ही जागा विकत मिळतच नाही. कलाकाराने आपल्याच खात्यातून विनामूल्य अर्ज करायचा असतो, तो गाणे प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी करावा असे सांगितले जाते, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्यासाठी तो करताच येत नाही. माझी गाणी तोपर्यंत प्रसिद्ध झालेली होती, म्हणजे जे अस्तित्वातच नव्हते ते त्याने मला ७५,००० रुपयांना विकले.

पुढे सातपैकी पाच गाणी कृत्रिम स्ट्रीमच्या कारणावरून काढून टाकली गेली. मी डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे कलाकारांची गाणी अशा ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीला, लिहिले. त्यांचे उत्तर असे की खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच आम्ही पत्रव्यवहार करतो, आणि खाते अर्थातच त्या माणसाच्या नावावर होते. डिस्ट्रिब्युटरचे खाते, ईमेल आणि पासवर्ड स्वतःचे ठेवा. कोणी ‘आम्ही सगळं सांभाळतो’ म्हणाला तर तिथून उठा. उरलेल्या दोन गाण्यांपैकी एक मी माझ्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनेलवर टाकले, तर त्याच्या फर्मच्या नावाने हक्काचा दावा आला. गाणे माझे, चाल माझी, आवाज माझा, आणि चोर मी! करारात ‘जगभर, कायमस्वरूपी’ असे हक्क लिहून घेतले होते आणि मानधनावरचा माझा वाटाही मी सोडला असे एक कलम होते. वकिलांनी दाखवून दिले की कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना हा वाटा असा सोडून देताच येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच जातात, हेही तेव्हाच कळले. म्हणूनच ते ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ इतक्या काळजीने छापतात.

यानंतर जे झाले त्याचा संताप मला त्या ठगापेक्षाही अधिक आहे. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले की हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे, कोर्टात जा. सायबर गुन्ह्यांच्या विभागाकडे गेले तर तिथे म्हणाले की तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, यात सायबर काय आहे? एका साहेबांनी अर्ज वाचता वाचता विचारले, “कसली गाणी म्हणता?” मी सांगितले. त्यावर ते हसले आणि शेजारच्याला म्हणाले, “प्रेमाची गाणी आहेत. लग्न झालं की थांबतंय सगळं.” माझे वडील शेजारी बसले होते. शेवटी अर्ज घेतला गेला, त्यावर शिक्काही मारून मिळाला, आणि त्या शिक्क्याला एफआयआर समजून आम्ही महिने वाया घालवले. शिक्का मारलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरला क्रमांक असतो आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिताकुमारी प्रकरणात सांगितले आहे. नव्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, आणि ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे मला ठाण्यातल्या एकाही माणसाने सांगितले नाही. बँकेत ‘व्यवहार तुम्हीच अधिकृत केला आहे’ हे एकच वाक्य प्रत्येक खिडकीवर ऐकायला मिळाले. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते गोठवता येण्याची शक्यता असते; मला सगळे कळले तोवर ते खाते रिकामे झाले होते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘गाणी म्हणजे धंदा, धंद्याची तक्रार इथे चालत नाही’ असे म्हणून कागद परत सरकवले होते. पोटापाण्यासाठी स्वतः केलेल्या कामाला हा नियम लागू नाही, या स्वयंरोजगाराच्या अपवादावर वकिलांनी बोट ठेवले तेव्हा कागद आत गेले. समोरच्या पक्षाने नोटीस घेतलेली नाही, कारण बाणेर रस्त्यावरच्या त्या पत्त्यावर आता दुसरेच कोणी बसते. त्याने फर्मचे नाव बदलले आहे. मागच्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीने मला त्याचे नवे माहितीपत्रक दाखवले, त्यात पॅकेज ९५,००० रुपयांचे झाले आहे आणि ‘आमचे यशस्वी कलाकार’ या मथळ्याखाली माझा फोटो छापला आहे.