ग्लुटाथायोनची सलाईन आणि पेप्टाइडची सुई : ठाणे व वाशीतील दोन क्लिनिकांचा अनुभव

सततचा थकवा आणि निस्तेज झालेली त्वचा यांवर उपाय म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका क्लिनिकमध्ये ग्लुटाथायोन (शरीरातही तयार होणारे एक अँटिऑक्सिडंट) व व्हिटॅमिन सी यांच्या चार सलाईन घेतल्या. पुढे वाशीतील एका क्लिनिकमध्ये ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या पेप्टाइडविषयी (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) सल्ला घेतला, पण तो उपचार सुरू केला नाही. हे दोन्ही उपचार एकाच पत्रकावर शेजारीशेजारी छापलेले असले, तरी त्यांची जातकुळी अगदी वेगळी आहे.

घोडबंदरला दर वेळी 4,500 रुपये आणि पाऊण तास लागला. स्वच्छता उत्तम होती आणि परिचारिकेचा हात इतका हलका, की सुई टोचल्याचे जाणवलेही नाही. मात्र तिसऱ्या वेळी बाटली आतून मिसळूनच आली. तिच्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने माझे आडनाव आणि ‘ग्लुटा’ एवढेच लिहिलेले होते. मूळ कुपी मागितली, तेव्हा “काकू, ती आतच फोडतात, टाकूनही दिली,” असे उत्तर मिळाले. थेट शिरेत जाणाऱ्या औषधाचा उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत रुग्णाला पाहता आलीच पाहिजे. 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच, मागणीनुसार मिसळलेल्या ग्लुटाथायोन इंजेक्शनांबाबत इशारा दिला होता. त्यांत आहारपूरकासाठीची भुकटी वापरलेली होती, तिच्यात जीवाणूंच्या विषारी अंशाचे प्रमाण जास्त होते आणि रुग्णांना मळमळ, उलट्या व थंडी वाजण्याचा त्रास झाला. शिवाय ज्यांच्या शरीरात जी6पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने फुटू शकतात. तरीही ती तपासणी मला कोणीच सुचवली नाही. चेहऱ्यावर दोन दिवस टवटवी दिसली, पण माझ्या मते ती शरीरात गेलेल्या पाण्याची आणि विश्रांतीची असावी.

वाशीच्या डॉक्टरांनी मात्र अर्धा तास देऊन नीट समजावले. मेंदूतील हायपोथॅलॅमस 44 अमिनो आम्लांच्या ज्या संप्रेरकाने पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावतो, त्यातील पहिली 29 म्हणजे सर्मोरेलिन. त्याला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली, ती वाढ खुंटलेल्या मुलांसाठी. त्याच संप्रेरकाचे बदललेले रूप असलेल्या टेसामोरेलिनला 2010 मध्ये मिळाली, ती एचआयव्हीबाधितांच्या पोटावरील चरबीसाठी. पन्नाशीतल्या माणसाच्या थकव्यासाठी यांपैकी एकही नाही. ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते आणि माझे एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे आधी साखर व आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनच्या पातळीचा अंदाज देणारा रक्तातील घटक) तपासा, असे त्यांनी आपणहून सांगितले. हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडला.

नंतर समुपदेशक ताईंनी इपामोरेलिन आणि सीजेसी-1295 या ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या आणखी दोन पेप्टाइडांचे पॅकेज पुढे केले. ही दोन्ही अमेरिकेत मान्यताप्राप्त औषधे नाहीत. कुपी मी हातात घेऊन उजेडात फिरवली : तळाशी पांढरी भुकटी आणि लेबलवर बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. मी ती तिथेच परत ठेवली.

सल्ल्यासाठी वाशीला अवश्य जावे, औषधासाठी नव्हे. घोडबंदरला कुपी डोळ्यांसमोर फोडत असतील तरच हात पुढे करावा. माझ्या सहाच्या पॅकेजमधील उरलेल्या दोन सलाईनचे पैसे मी लेखी अर्ज करून मागितले. ते तीन आठवड्यांनी खात्यात जमा झाले.