मोसंबीच्याच पानाला त्यांनी जिवाणू ठरवलं

मोसंबीची 19 फळती झाडं मी मुळासकट काढून जाळली, तीही एका खोट्या अहवालावर विसंबून. दुसऱ्या कुणाची बाग अशी जाऊ नये म्हणून लिहितोय.

पानं पिवळी पडायला लागली आणि ग्रीनिंगची धास्ती बसली. या रोगाला औषध नाही, सायला कीड तो झाडोझाडी नेते. त्याचा जिवाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतो आणि प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही, म्हणून खात्रीसाठी डीएनए तपासणीच करावी लागते. एका खासगी प्रयोगशाळेने 'शंभर टक्के अचूक जनुकीय ओळख' असं सांगून पैसे घेतले. आठ दिवसांत रंगीत आलेखांचा अहवाल आला: सगळे नमुने पॉझिटिव्ह. सोबत खोडात टोचायच्या औषधाची गळ.

झाडं जाळून झाल्यावर उरलेल्या बागेचे नमुने पाठवले, तेव्हा कीड शिरू नये अशा जाळीखाली बियांपासून वाढवलेल्या एका निरोगी रोपाची पानंही त्यांत मिसळली. तीही पॉझिटिव्ह! मग मी मूळ सिक्वेन्सची, म्हणजे नमुन्यात वाचलेल्या डीएनएच्या अक्षरक्रमाची, फाइल मागितली. पंधरा दिवस टोलवाटोलवी झाली, शेवटी मिळाली. वनस्पती रोगशास्त्र शिकणाऱ्या भाचीने ती एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या ब्लास्टवर टाकली; तिथे असा अक्षरक्रम कुठल्या जीवाशी जुळतो ते शोधता येतं. ही सोय सगळ्यांना मोफत आहे. सिक्वेन्स जुळला तो मोसंबीच्या स्वतःच्या हरितलवकाशी, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीतल्या भागाशी.

भाचीने उलगडून सांगितलं. हरितलवकं फार पूर्वी सायनोबॅक्टेरिया या उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंपासूनच झालेली, त्यामुळे जिवाणूंमधलं 16एस आरआरएनए हे साधारण 1500 अक्षरांचं जनुक त्यांच्यातही असतं. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, आणि कुठला तुकडा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे म्हणजे प्रायमर. कुठल्याही जिवाणूला चालणारे प्रायमर हिरव्या पानावर वापरले, तर निरोगी झाडातूनही पीसीआरमध्ये काहीतरी वाढणारच. ग्रीनिंगला त्याच जिवाणूचे खास प्रायमर लागतात. शिवाय प्रत्येक खेपेत एक खात्रीचा रोगट नमुना, एक निरोगी आणि एक नुसत्या पाण्याची नळी चालवावी लागते. पाण्यातच काही वाढलं तर ती खेप बाद. आमच्या अहवालात प्रायमरचं नाव नव्हतं, या तिन्ही नळ्यांचा उल्लेख नव्हता, सीटीचा, म्हणजे कितव्या फेरीत डीएनए दिसू लागला त्याचा, आकडाही नव्हता. हे मी पैसे देण्याआधी विचारायला हवं होतं, आणि तुम्ही नक्की विचारा.

निगेटिव्ह अहवालावरही लगेच निर्धास्त होऊ नका. हा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, म्हणून देठ आणि मधली शीर घ्यायची ती चहूबाजूंच्या फांद्यांवरून. माझ्याकडून तर त्यांनी एकाच फांदीची चार पानं मागवली होती.

सगळ्यात जास्त सलतो तो माझ्याच मोबाइलमधला फोटो. पानाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा आहे. जस्त कमी पडलं की असं होतं; ग्रीनिंगचे डाग दोन्ही अर्ध्यांवर वेगवेगळे पडतात.

उरलेली झाडं दुसरीकडे खास प्रायमरने तपासून घेतली, सगळी निगेटिव्ह आली. त्या 19 झाडांचं मात्र एक पानही मी राखून ठेवलं नव्हतं.